दोष कोणाचा?

आपल्या भाषेतील काही शब्दांनी एकाच घरात दोन बिऱ्हाडे थाटलेली असतात. 'दोष' हा त्यांपैकी एक. मुलाचा ओठ जन्मतः दुभंगलेला असेल तर तो जन्मजात दोष, डोळ्यांना दूरचे दिसेनासे झाले तर तो दृष्टिदोष, आणि एखाद्याच्या माथी चूक मारावयाची असेल तर आपण त्याला दोष देतो. पहिल्या दोन ठिकाणी दोष म्हणजे उणीव, तिसऱ्या ठिकाणी अपराध. शब्दकोशात हे अर्थ क्रमांक घालून वेगळे केलेले असतात, घरात मात्र तसे क्रमांक नसतात. उणीव दिसली की माणसे अपराधी शोधावयास निघतात, आणि तो त्यांना फार दूर सापडत नाही. बहुधा बाळंतिणीच्या खोलीतच सापडतो.

हा विचार आमच्या मनात घोळू लागला त्याला निमित्त झाले एका शिबिराचे. २०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस वसई परिसरातील आमच्या गावी चर्चच्या सभागृहात आरोग्य तपासणी ठेवली होती. डोळ्यांचे एक डॉक्टर आणि लहान मुलांच्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. नोंदणीच्या टेबलावर आम्हां तिघांची नेमणूक होती. लोक डॉक्टरांसमोर बसले की विचारावयाचे ते विसरतात किंवा लाजतात, म्हणून आम्ही एक खोका ठेवला होता. नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहावा आणि खोक्यात टाकावा. दुपारी तो उघडला तेव्हा चिठ्ठ्यांचा ढीगच निघाला. मोबाइल बघून डोळे जातात का? चष्मा सतत लावला तर नंबर वाढतो का? मुलगा एका डोळ्याने तिरळा आहे, असे मूल भाग्यवान असते म्हणतात, मग डॉक्टरांना दाखवावे का? मुलीचा खालचा जबडा मागे आहे, ती अंगठा चोखते म्हणून का? संध्याकाळी शिवणकाम करताना डोळे चुरचुरतात, आत काही बिघडले असेल का? आणि या सगळ्यांत एक चिठ्ठी अशी होती: 'ग्रहणात चिरले-कापले तर मुलाचा ओठ फाटतो. मग दोष विळीवर बसलेल्या बाईचा की तिला बसायला सांगणारीचा?'

डॉक्टरीणबाईंनी ती मोठ्याने वाचली तेव्हा सभागृह एकदम शांत झाले. मागच्या रांगेत एक तरुण आई मांडीवर अडीच महिन्यांचे बाळ घेऊन बसली होती. बाळाचा वरचा ओठ डाव्या बाजूने नाकापर्यंत उघडा होता. शेजारी तिची सासू होती. चिठ्ठी कोणाची असावी याविषयी आम्ही तिघांनीही मनात एकच तर्क केला, आणि तो चुकीचा होता हे पुढे कळले.

ग्रहणाविषयीची ही समजूत आमच्या ख्रिस्ती घरांतही आहे, हे मान्य केले पाहिजे. आमच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांच्या विळीचा झालेला दिसत नाही. ग्रहण लागले की गरोदर बाईला अंथरुणावर सरळ निजवावयाचे, सुरी, कात्री, सुई तिच्या हाती लागू द्यावयाची नाही, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. गंमत अशी की मेक्सिकोमध्ये हीच भीती नेमकी उलट्या उपायाने शमवीत आले आहेत. तेथील प्राचीन ॲझटेक लोक ग्रहण म्हणजे चंद्राचा घेतलेला चावा असे मानीत, आणि पोटातील मुलाच्या तोंडालाही तसाच चावा पडू नये म्हणून गरोदर स्त्री अंगावर धारदार काचदगडाची सुरी बाळगी. आजही तेथे काही स्त्रिया त्या जागी किल्ली किंवा पिन लावतात. म्हणजे इकडे ज्या पात्याने मूल बिघडते, त्याच पात्याने तिकडे ते वाचते. इंग्लंडात ग्रहण नव्हे, तर गरोदर बाईच्या आडवा गेलेला ससा जबाबदार धरला जाई. दुभंग ओठाचे तेथील जुने नावही सशावरूनच पडले आहे. तिन्ही देशांत कारण वेगळे, परंतु एक गोष्ट समान होती. त्या वेळी स्त्रीने काय केले, काय टाळले नाही, याचीच चौकशी सर्वत्र होई. बापाला ससा आडवा गेल्याचे आम्ही कोठे वाचलेले नाही.

डॉक्टरीणबाईंनी उत्तराला सुरुवात केली ती निराळ्याच रीतीने. त्या म्हणाल्या, "प्रत्येकाने आपल्या नाकाखाली बोट लावून पाहा. तिथे एक लहानशी पन्हळ लागेल." सगळ्यांनी बोटे लावली, डोळ्यांच्या डॉक्टरांनीही. गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्याच्या सुमारास, जेव्हा गर्भ तांदळाच्या दाण्याएवढा असतो, तेव्हा चेहरा असा नसतोच. वरून आणि दोन्ही बाजूंनी काही उंचवटे वाढत येतात, एकमेकांना भेटतात आणि सांधले जातात. वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या आत-बाहेर पुरा होतो. टाळूचे दोन भाग तोंडाच्या आत त्यानंतर जुळतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत ते काम संपते. नाकाखालची पन्हळ ही त्या जुळणीच्या ठिकाणाची खूण होय. याचा अर्थ असा की आपल्यापैकी प्रत्येकाचा ओठ एके काळी दुभंगलेला होता. बहुतेकांचा जुळला, काहींचा जुळावयाचा राहिला. साधारण ७०० जन्मांमागे एका मुलाच्या बाबतीत असे घडते, आणि ते जगाच्या सर्व भागांत घडते.

आमच्या दृष्टीने या उत्तरातील सर्वांत मोलाची गोष्ट शरीरशास्त्राची नव्हती, व्याकरणाची होती. आपण म्हणतो, ओठ 'फाटला'. फाटणे म्हटले की कोणीतरी फाडलेले असावे लागते. कापड आपोआप फाटत नाही, खिळा तरी लागतो. त्या एका क्रियापदाने आपण विळीला आमंत्रण देतो. वस्तुतः तेथे काहीही फाटलेले नसते. एक जुळणी अपुरी राहिलेली असते. 'जुळावयाचे राहिले' असे म्हटले की कर्त्याची जागा रिकामी होते, आणि मग तेथे सुनेला आणून बसवणे इतके सोपे राहत नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्या तरुण आईला जवळ बोलावून हिशेब मांडला. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, सूर्यास्ताच्या सुमारास जे खंडग्रास सूर्यग्रहण आपल्याकडे दिसले, त्या वेळी तिला पाचवा महिना चालू होता, आणि होय, त्या संध्याकाळी ती विळीवर मासे कापत होती. म्हणजे ग्रहणाच्या अडीच महिने आधीच बाळाच्या ओठाचा निकाल लागून गेला होता. सभागृहात सुटकेचा निःश्वास ऐकू आला. परंतु डॉक्टरीणबाई तेथे थांबल्या नाहीत, आणि त्या थांबल्या नाहीत याबद्दल आम्हांला त्यांचे विशेष वाटते. त्या म्हणाल्या, "हा हिशेब मी सांगितला खरा, पण तो धोकादायक आहे. उद्या एखादीने सहाव्या आठवड्यात ग्रहणात भाजी चिरलेली असेल, तर तिचं काय?" आरोपी गुन्ह्याच्या वेळी दुसरीकडे होता असे सिद्ध झाले की तो सुटतो, पण गुन्हा उभाच राहतो, आणि पोलीस पुढच्या माणसाकडे वळतात. येथे मुळात गुन्हाच नाही. सहाव्या आठवड्यात, भर ग्रहणात, दहा विळ्यांवर बसले तरी गर्भाच्या ओठाला काही होत नाही. ग्रहणाचा एकच खरा अपाय आहे, आणि तो डोळ्यांना आहे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिले तर डोळ्यातील पडद्यावर कायमचा डाग पडू शकतो.

येथपर्यंत प्रश्न सोपा आहे. अंधश्रद्धा खोटी ठरली की सुशिक्षित मनुष्य समाधानाने हात झटकतो. खरा नैतिक प्रश्न पुढे सुरू होतो, कारण काही कारणे खरी असतात.

आनुवंशिकतेचा भाग आहे. गरोदरपणात धूम्रपान केल्याने दुभंगाची शक्यता वाढते. मशेरीसह सर्वच तंबाखू गर्भाला अपायकारक आहे. आईला आधीपासून मधुमेह असेल आणि तो आटोक्यात नसेल तर धोका वाढतो. अपस्माराच्या, म्हणजे आकडीच्या, काही औषधांनीही वाढतो. गर्भ राहण्यापूर्वीपासून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या तर पाठीच्या कण्याचे काही दोष टळतात, हे पक्के आहे. ओठ आणि टाळूबाबत तितक्या खात्रीने बोलता येत नाही. आणि पुष्कळशा मुलांच्या बाबतीत या यादीतील एकही गोष्ट सापडत नाही.

आता आकडीच्या रोगी असलेल्या एका स्त्रीचा विचार करू. तिला दिवस राहिले आहेत. ती तिच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी नियमाने घेते, कारण गोळी सोडली आणि मोठी आकडी आली तर तिच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही जिवाला धोका. तिला दुभंगलेल्या ओठाचे मूल होते. येथे कारण सापडले, असे समजू. ते तिच्या हातून, तिच्या तोंडावाटे, रोज रात्री गेले. पण दोष? तिने जे केले ते मुलाला जपण्यासाठीच केले. गर्भ राहण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून कमी धोक्याचे औषध निवडता येते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आणि ऐकीव माहितीवर तिने गोळी स्वतःच बंद केली असती तर ते अधिक वाईट झाले असते. कारण आणि दोष यांच्यामध्ये किती अंतर असू शकते हे पाहावयाचे असेल तर या बाईकडे पाहावे. कारण शोधणे हे डॉक्टरचे काम आहे, त्यातून पुढचे मूल वाचू शकते. दोष द्यावयाचा तर त्यासाठी आणखी तीन गोष्टी लागतात. त्या माणसाला ठाऊक असले पाहिजे, त्याच्या हातात असले पाहिजे, आणि त्याच्यापुढे दुसरी बरी वाट असली पाहिजे. आपली शेजारपाजारची न्यायालये या तिन्ही गोष्टी न तपासता निकाल देतात.

परंतु एक गोष्ट आम्हांला बराच काळ कळली नव्हती. दोष केवळ इतर लोकच देतात असे नाही. पुष्कळदा आई स्वतःच तो मागून घेते. 'तुझे काही चुकले नाही' असे सांगितले तर तिचा चेहरा उजळेल अशी आपली अपेक्षा असते, आणि तो उजळत नाही. असे का? 'माझे चुकले' या वाक्यात दुःख असले तरी एक आशाही असते. माझे चुकले असेल तर पुढच्या वेळी मी चुकणार नाही, आणि पुढचे मूल सुखरूप होईल. 'कोणाचेच चुकले नाही' असे म्हटले की हातात धरण्यासारखे काहीच उरत नाही. जगात अशाही गोष्टी घडतात ज्या कोणाच्या वागण्याला उत्तर म्हणून घडत नाहीत, हे मानणे अपराधी ठरण्यापेक्षा जड जाते. म्हणून 'तुझा दोष नाही' एवढे सांगून मोकळे होणे पुरेसे नाही. ज्यांच्या एका मुलाला दुभंग आहे आणि आईबापांना स्वतःला नाही, त्यांच्या पुढच्या मुलाबाबत ही शक्यता साधारण शंभरात तीन-चार असते. हा आकडा आईला सांगितला पाहिजे, आणि उरलेल्या शहाण्णव-सत्त्याण्णवांविषयीही त्याच वेळी बोलले पाहिजे.

योहानच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य हाच प्रश्न विचारतात: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? दोघांचेही नाही, असे उत्तर मिळते, आणि मग चिखल कालवून त्या माणसाच्या डोळ्यांना लावला जातो. हा उतारा आम्ही लहानपणापासून दर काही वर्षांनी उपासनेत ऐकत आलो आहोत. ऐकून घरी येतो आणि शेजारच्या बाळाला पाहून शिष्यांचाच प्रश्न विचारतो. फक्त 'पाप' न म्हणता 'सोनोग्राफीत दिसले नव्हते का?' असे म्हणतो.

त्या तरुण आईला हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला गेला होता. ग्रहणाचे म्हातारी माणसे बोलत, सोनोग्राफीचे शिकलेली. ओठाचा दुभंग गर्भारपणाच्या मध्यावर केलेल्या सोनोग्राफीत पुष्कळदा दिसतो, कधी निसटतो. केवळ टाळूचा दुभंग तर बहुधा दिसतच नाही. परंतु 'दिसले नव्हते का?' या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, आणि तो उच्चारावयाची हिंमत विचारणाऱ्याला नसते: दिसले असते तर काय केले असतेत?

हा प्रश्न इंग्लंडात न्यायालयापर्यंत गेला. तेथील कायद्याप्रमाणे मूल गंभीर अपंगत्व घेऊन जन्मण्याचा भरीव संभव असेल तर चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. २००१ साली झालेल्या अशा एका गर्भपाताचे कारण म्हणून दुभंगलेले ओठ आणि टाळू यांची नोंद होती. जोॲना जेप्सन नावाच्या अँग्लिकन पंथाच्या तरुण धर्मसेविकेने २००३ मध्ये त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्या स्वतः जबड्याच्या जन्मजात व्यंगासह जन्मल्या होत्या आणि पुढे शस्त्रक्रियेने तो सुधारण्यात आला होता. डॉक्टरांनी सद्भावनेने निर्णय घेतला असे ठरवून २००५ मध्ये सरकारी अभियोक्त्यांनी खटला भरण्यास नकार दिला. आपल्याकडे १९७१ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, आणि गर्भात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास चोवीस आठवड्यांनंतरही परवानगी मिळू शकते. 'गंभीर' कशाला म्हणावे, 'मोठे' कशाला, हे शब्द माणसांच्या हातात आहेत. जे टाक्यांनी सांधता येते, ज्यासह माणूस शिकतो, बोलतो, लग्न करतो, म्हातारा होतो, ते 'गंभीर' नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण हे मत आम्ही त्या अनाम जोडप्याकडे बोट दाखवून मांडणार नाही. तपासणीच्या खोलीत त्यांना काय सांगितले गेले? ओठावर व्रणाची रेघ असलेला एखादा शिक्षक, एखादी आई, त्यांच्यापुढे कोणी आणून बसवली होती का?

आता डोळ्यांकडे वळू, कारण त्या दिवशी निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या त्यांच्याविषयी होत्या, आणि तेथे दोषाची वाटणी आणखीच विचित्र आहे. चाळिशीनंतर जवळचे अक्षर पुसट होते, सर्वांचेच होते. त्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. किती समजूतदार शब्द! वयाने आणले, वयाचे नाव दिले. कोणाला जाब विचारला नाही. पण तोच चष्मा आठ वर्षांच्या मुलाच्या नाकावर आला की त्याच्या आईला सासरी-माहेरी जाब द्यावा लागतो: मोबाइल कोणी दिला?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बऱ्याच चिठ्ठ्या भराभर निकालात काढल्या. चष्म्याने नंबर वाढत नाही, चष्मा न लावल्याने मुलाचे नुकसान होते. मंद उजेडात वाचल्याने डोळे थकतात, जात नाहीत. पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या मिटण्याचे विसरतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणारी पापणी निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, डोळा कोरडा पडतो आणि चुरचुरतो. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी, आणि विरारहून चर्चगेटपर्यंत मोबाइलमध्ये मान घालून बसणाऱ्यांनीही, दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या काचांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असे अभ्यासांत दिसलेले नाही. ते पैसे वाचवावेत. जबड्याची ठेवण बहुधा घराण्यातून येते, अंगठ्याने दात पुढे येतात. चार-पाच वर्षांनंतरही सवय असेल तर दाताच्या डॉक्टरांना दाखवावे. हे शेवटचे उत्तर डॉक्टरीणबाईंनी मध्येच दिले.

मोबाइलच्या चिठ्ठीशी मात्र ते थबकले. लहान वयात सतत जवळचे पाहणे आणि उघड्यावर कमी वेळ असणे यांचा लघुदृष्टीशी संबंध आहे, हे नाकारता येत नाही. चीनमधील ग्वांगझौ येथे पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक बाहेर नेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे तीन वर्षांत त्यांच्यापैकी शंभरात सुमारे तिसांना लघुदृष्टी आली, बाहेर न नेलेल्यांपैकी सुमारे चाळिसांना. म्हणजे येथे विळीसारखी खोटी गोष्ट नाही, खरे कारण आहे. मग आई दोषी ठरली का? आम्ही आमच्या गावचा विचार केला. जेथे आम्ही विटीदांडू खेळलो त्या वाडीत आज चार इमारती आहेत. शाळेच्या मैदानाचा अर्धा भाग गाड्या उभ्या करण्यासाठी जातो. बाप रात्री दहाला लोकलमधून उतरतो. दोन खोल्यांत स्वयंपाक करताना मूल गॅसपाशी येऊ नये म्हणून आईने त्याच्या हाती मोबाइल दिला. कारणाची साखळी इतकी लांब आहे. त्यातील शेवटची कडी जिच्या हातात आली, तिच्याच नावावर आपण सगळी साखळी लिहितो. वाडी विकणाऱ्यांमध्ये आमच्यापैकीही काही जण होते, हे येथे सांगितलेले बरे.

याउलट, जेथे खरोखर दोष घडतो तेथे आपण तो पाहत नाही. जन्मानंतर पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे इकडेतिकडे भरकटतात, त्यात वावगे काही नाही. त्यानंतरही डोळा तिरळा राहिला तर तपासलाच पाहिजे. दोन डोळ्यांकडून दोन वेगळी चित्रे आली की मेंदू एकाकडे दुर्लक्ष करू लागतो, आणि तो डोळा धडधाकट असूनही पाहावयास शिकतच नाही. मेंदूच्या या शिकण्याला बालपणीची ठरावीक मुदत असते, हे ह्यूबेल आणि वीसेल यांनी दाखवून दिले. १९८१ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला कामाला लावता येते, पण सहा-सात वर्षांच्या आत सुरुवात झाली तर लाभ अधिक. 'भाग्यवान' म्हणून कौतुकाने थांबलेल्या घरात ती मुदत संपून जाते. या मुलाचा डोळा कौतुकामुळे गेला, आणि कौतुकाला कोणी दोष देत नाही.

ओठाचेही तसेच. बाळ तीन-चार महिन्यांचे आणि साधारण पाच किलोंचे झाले की ओठ सांधतात, टाळू वर्ष-दीड वर्षाच्या आत. पुढे बोलणे सुधारण्याचे शिक्षण, कानांची तपासणी, दातांची व्यवस्था, असे काम अनेक वर्षे चालते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या मुलांना शोधून उपचारांपर्यंत नेण्याची तरतूद आहे. तो देशभरासाठी ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आमच्याच पालघरहून सुरू झाला. 'स्माइल ट्रेन' या संस्थेच्या साहाय्याने कित्येक रुग्णालयांत शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. उत्तर प्रदेशातील पिंकी सोनकर या मुलीवरच्या 'स्माइल पिंकी' या माहितीपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळाले, आणि २०१३ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्याची नाणेफेक तिच्या हस्ते झाली. आनंदच आहे. फक्त 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी पाहताना आमच्या मनात एक शंका येते: 'आधी'च्या छायाचित्रातील मूल शाळेत का नव्हते? ते टाके घालण्याची वाट पाहत होते की आपली?

त्या दिवशी शिबिर संपल्यावर आम्ही खुर्च्या मिटवीत होतो. तरुण आई बाळाला घेऊन पायऱ्या उतरली होती. तिची सासू मात्र परतली आणि टेबलापाशी उभी राहिली. ती म्हणाली, "ती चिठ्ठी माझी होती. नातवाकडून लिहून घेतली." आम्ही काही बोललो नाही. "घरी पाहुणे यायचे होते. मासे कापायला तिला मीच बसवलं. ग्रहण आहे ते मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. ती लोकांची बोलणी ऐकते, आणि मी तोंड उघडत नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिला सगळे पुन्हा एकदा सांगितले. आठवडे, उंचवटे, जुळणी. ती मान डोलवीत होती. तिला किती पटले हे आम्ही सांगू शकत नाही. मग तिने विचारले, "टाळू उघडी आहे ना, तर दूध नाकातून येतं. बोंडल्याने पाजताना त्याला आडवं धरायचं की बसतं?"

"बसतं, आजी. डोकं वर. थोडं थोडं, आणि मध्येमध्ये ढेकर काढायचा."

"दाखवा ना," ती म्हणाली, आणि दारातून सुनेला हाक मारली. डॉक्टरीणबाईंनी मिटलेली खुर्ची पुन्हा उघडली आणि बाळाला मांडीवर घेतले.